वंशावळीचं काम मिळायला लागलं, आता पुढचं शिक्षण कसं आखायचं?



वंशावळ आणि जुन्या नोंदी शोधून देण्याची सेवा कशी सुरू करायची, हे आपण मागच्या व्हिडिओत पाहिलं. मोडी शिकायची, तहसीलच्या रेकॉर्ड रूमची माहिती करून घ्यायची, कार्ड छापायचं, पहिली चार कामं ओळखीतून मिळवायची. आता त्याच्या पुढचा प्रश्न येतोय: "सर, मोडीचा कोर्स झाला, सर्टिफिकेट मिळालं, कामंही येतायत. आता आणखी काय शिकायचं? आणि शिकायला वेळ कुठून काढायचा?"

प्रश्न अगदी वेळेवर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि पुढे तो राज्यभर गेला. वर्षानुवर्षं बांधलेले रुमाल सुटले. मोडी वाचणारा माणूस अचानक सगळ्यांना हवाहवासा झाला. त्या काळात बरेच जण या कामात आले, तुमच्यापैकीही काही जण असतील. पण लाटेवर आलेला धंदा लाट ओसरली की कमी होतो. नोंद शोधून झेरॉक्स हातात देणारी माणसं आता बरीच आहेत. त्या नोंदीतला माणूस अर्जदाराचाच पणजोबा आहे, हे कागदानिशी दाखवून देणारी मात्र थोडीच आहेत. तुमची पुढची दहा वर्षं या दुसऱ्या गटात जायला हवीत. शिकायचं ते त्यासाठी.

ग्राहक नेमकं काय विकत घेतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरात शके १७९० चं गहाणखत निघालं. त्यात नाव आहे "रामा बिन गोविंदा". गावच्या दफ्तरात फसली १३३५ चा एक कागद सापडला, त्यातही "रामा बिन गोविंदा". गाव तेच, जमिनीच्या खुणाही जुळतात. नवशिक्या लगेच म्हणतो, "माणूस सापडला!" आणि दोन्ही कागद एकाच नावाखाली लावून वंशावळ काढून देतो.

आता हिशेब करा. शके १७९० म्हणजे इसवी सन १८६८. फसली १३३५ म्हणजे १९२५. मध्ये ५७ वर्षं गेली. गहाणखत करणारा माणूस त्या वेळी पंचविशीत असला, तरी दुसऱ्या कागदाच्या वेळी ब्याऐंशी वर्षांचा होतो. अशक्य नाही, पण शंका यायलाच हवी. कारण आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची जुनी रीत आहे. रामाचा मुलगा गोविंदा, गोविंदाचा मुलगा पुन्हा रामा. म्हणजे आजोबाही "रामा बिन गोविंदा" आणि नातूही "रामा बिन गोविंदा". दोघांना एक केलंत, तर मधल्या दोन पिढ्या तुमच्या वंशावळीतून गायब होतात. चुलतघराण्याची फांदी तुटते, ती वेगळीच.

याचा परिणाम कुणावर होतो? जात पडताळणीच्या दारात उभ्या असलेल्या एखाद्या मुलीवर. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाला आधी वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल, तर तो तिच्या बाजूचा मोठा पुरावा असतो. पण नातं दाखवणारी वंशावळ दोन पिढ्यांनी चुकलेली असेल, तर समितीसमोर तिच्या चुलत्याची वंशावळ एक सांगते आणि तिची दुसरंच. प्रवेशाची मुदत तर कुणासाठी थांबत नाही. वाटणीच्या दाव्यातही तेच. एक फांदी सुटली की कुणाचा तरी हिस्सा सुटतो.

मग या दोन रामांचा गुंता सुटतो कसा? मधल्या काळातल्या वारस फेरफाराने. "मयत गोविंदा वलद रामा, वारस मुलगा रामा" असा एक फेरफार मिळाला, की सगळं लख्ख होतं. पण तो फेरफार शोधायला हवा, हे आधी सुचायला पाहिजे. ते सुचण्यासाठी चार गोष्टी यायला लागतात: लिपी, सन, दफ्तराची रचना आणि पुरावा तोलणं. मोडीच्या कोर्समध्ये यातली पहिली गोष्ट शिकवतात, तीही अर्धीच.

मोडी: कोर्सनंतरचा खरा अभ्यास

हे स्पष्टच सांगतो. पंधरा दिवसांत मुळाक्षरं येतात, वाचन येत नाही. मोडीत आधी ओळ आखायची आणि त्या ओळीखाली हात न उचलता लिहीत जायचं. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपं केलेली असतात. त्यात काळाप्रमाणे वळण बदलतं. पेशवेकालीन बोरूचं अक्षर वेगळं आणि इंग्रजी अमलात टाकाने लिहिलेलं घाईचं अक्षर वेगळं. वर्गात गिरवायला देतात ते वळणदार अक्षर. तहसीलमध्ये भेटतो तो जन्म-मृत्यूच्या नोंदी भराभर उरकणारा कुणीतरी.

पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झालं. मंडळ आणि राज्य सरकारचं पुराभिलेख संचालनालय, दोन्हीकडे मोडीचे वर्ग होत आले आहेत. वर्ग जरूर करा. पण त्यानंतर रोज अर्धा तास, एक पान, असा रियाज ठेवा. पान निवडताना आपल्या धंद्याशी जुळणारं निवडा. तुम्हाला गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यू नोंदी वाचायच्या असतील, तर शिवकालीन पत्रं गिरवून पोट भरणार नाही. ती आवड म्हणून रविवारी वाचा.

माझी एक आवडती युक्ती सांगतो. प्रत्येक लिहिणाऱ्याच्या अक्षराचं एक पान करा. तो "ल" कसा काढतो, "बिन" कसं लिहितो, आकडे कसे मांडतो, ते मोबाइलवर फोटो काढून किंवा हाताने उतरवून ठेवा. एका गावची वही एकाच माणसाने वर्षानुवर्षं लिहिलेली असू शकते. त्याचं अक्षर एकदा कळलं, की पुढची पन्नास पानं सोपी जातात. वर्षभरात तुमच्याकडे आपल्या तालुक्यातल्या हस्ताक्षरांचा संग्रह तयार होईल. तो बाजारात विकत मिळत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे देवनागरीत छापलेले जुने कागद वाचायचे. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाले. त्यात तुमच्या ग्राहकाचं आडनाव सापडेल म्हणून वाचायचे नाहीत, जुन्या लिखाणाची भाषा कानात बसावी म्हणून वाचायचे. पुढचा शब्द काय असणार, हे आधी कळलं की मोडीतली अर्धवट पुसलेली ओळसुद्धा लागते. आणि ओळ लागली तरी अंदाजाने वाचलेला शब्द चौकटी कंसात टाका. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

"बिन" आणि "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको, एवढं सगळ्यांना येतं. पण दत्तक गेलेला मुलगा नवीन बापाच्या नावाने येतो आणि जुन्या घरच्या कागदात त्याचं नाव अचानक थांबतं, हे किती जण तपासतात? अशा जागांची यादी करत राहा. वंशावळ बहुतेक वेळा अशाच जागी चुकते.

मोडी वाचणारी सॉफ्टवेअर आणि अ‍ॅप्स येऊ लागलीत, म्हणून काही जण धास्तावलेत. घाबरू नका, वापरून बघा. यंत्राने अक्षर ओळखलं तरी "हा कोणता रामा?" हे तुम्हालाच ठरवायचंय. उलट नुसत्या पानामागे पैसे घेणाऱ्याने मात्र आताच सावध व्हावं.

सन बदलायचं गणित पाठ करा

हे काम एका आठवड्याचं आहे, तरी लोक टाळतात. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवायचे, वर्षाचा उत्तरार्ध असेल तर ५९१. इथे एक मेख आहे. आपल्याकडचं फसली वर्ष मृगाच्या सुमारास सुरू व्हायचं, तर निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरमध्ये बदलायचं. मराठवाड्यातला कागद हातात आला की हे आठवलं पाहिजे.

पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन भेटतो, तोही अरबी शब्दांत. "खमस सबैन मया व अलफ" म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४. हेही वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे-जूनपर्यंतच्या तारखेला ६०० मिळवायचे. एकपासून हजारपर्यंतच्या या शब्दांचा तक्ता करून टेबलासमोर लावा. महिन्याभरात पाठ होईल.

आपला इलाखा निवडा

सगळ्या महाराष्ट्राचं दफ्तर एका माणसाला येत नाही. ब्रिटिश मुंबई इलाखा, निजामाचं राज्य, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि लहानमोठी संस्थानं, प्रत्येकाची कागद ठेवायची तऱ्हा वेगळी होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. तिथे उर्दू आणि फारसी गाठ घेणार, आणि जमिनीसाठी १९५४-५५ चं खासरा पत्रक हा मोठा आधार असतो. पश्चिम महाराष्ट्रात कडईपत्रक, क-पत्रक, फेरफार नोंदवही. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मात्र सगळीकडे लागतोच. अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आता "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. पण जे स्कॅन झालेलं नाही त्यासाठी रेकॉर्ड रूमलाच जावं लागतं, आणि तिथल्या कर्मचाऱ्याला नेमका नमुना, नेमकं वर्ष सांगणारा माणूस आवडतो.

तर मग तुमच्या ग्राहकांतले सर्वांत जास्त कुठून येतात ते बघा आणि तो एक इलाखा धरा. दोन-तीन तालुके पुरेत. त्या तालुक्यातलं कोणतं गाव पूर्वी कोणत्या महालात होतं, कोणतं गाव इनाम होतं, कोणतं धरणात गेलं आणि त्याची माणसं कुठे वसली, हे सगळं वहीत येऊ द्या. हे शिक्षण कुठल्याच संस्थेत मिळत नाही. चहाच्या टपरीवर, निवृत्त तलाठ्याच्या ओसरीवर मिळतं.

दक्षिण महाराष्ट्रात काम करत असाल तर हेळवींशी ओळख करा. घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणि जपत आलेला हा समाज आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्याने स्वतः सांगितलेली घरची नावं असतात, कधी कधी सहीसकट. हरिद्वार आणि इतर तीर्थांच्या अशा काही वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. या वह्या म्हणजे सोन्याची खाण. पण त्या सांगोवांगीवर लिहिलेल्या असतात, म्हणून दुसऱ्या कागदाशी पडताळणी हवीच. आणि गुरुजींकडे जाताना दक्षिणा द्या. त्यांच्या घरी पिढ्यांनी सांभाळलेली वही तुम्ही फुकटात बघणं बरं दिसत नाही.

दुसरी लिपी किंवा भाषा शिकायची का? उर्दू शिका, जर तुमचं निम्मं काम मराठवाड्यातलं असेल. गोव्याचं काम येत असेल तर पोर्तुगीज. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. चर्चच्या नोंदी, गावकरींची पुस्तकं, नागरी नोंदणी असं भरपूर साहित्य गोव्यात आहे. डिसेंबर १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदी शोधणारी कुटुंबंही पुष्कळ. पण वर्षाला दोनच कामं येत असतील, तर भाषा शिकण्यापेक्षा ती येणाऱ्या माणसाशी पानामागे दर ठरवून घ्या. तुमचं मोडीचं काम तो तुम्हाला देईल. धंद्यात असे दोन-तीन भिडू असणं फार उपयोगाचं.

पुरावा तोलायला कुणाकडून शिकायचं?

इथे मी थोडा बाहेरचा दाखला देणार आहे. अमेरिकेत वंशशोधकांना प्रमाणित करणारं एक मंडळ १९६४ पासून काम करतंय, बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स. त्यांच्या कसोटीत पाच गोष्टी आहेत. शोध पुरेसा सखोल झाला का? प्रत्येक विधानामागे कोणता कागद, कुठे, कोणत्या पानावर, ते लिहिलं का? कागद एकमेकांशी ताडून पाहिले का? जिथे दोन कागद भांडतात तिथे त्याचा निवाडा केला का? आणि निष्कर्ष सुसंगत कारणांसह लेखी मांडला का?

आपले दोन रामा यात घालून बघा. नवशिक्याचं काम तिसऱ्या प्रश्नालाच अडखळतं.

त्यांचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. मुदत संपली की नवीन काम तपासायला द्यावं लागतं, म्हणजे एकदा पास झाला आणि आयुष्यभर मिरवला असं नाही. तुम्ही ते प्रमाणपत्र घ्या असं मी म्हणत नाही. सांगलीच्या ग्राहकाला त्याचं काही पडलेलं नसतं. स्कॉटलंडमधलं स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ वंशशास्त्राचे पदव्युत्तर अभ्यासक्रम ऑनलाइन चालवतं, पण ती फी तुमचे ग्राहक भरून काढणार आहेत का, हे आधी कागदावर मांडा. परदेशातलं काम करायचं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. रत्नागिरी-सावंतवाडीकडून गिरमिटिया म्हणून मॉरिशसला गेलेल्यांचे वंशज आपलं गाव शोधतात. त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी तिथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. इस्रायलमधल्या बेने इस्रायल कुटुंबांची तर आडनावंच कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत. अशा ग्राहकाला संदर्भांसह नीट लिहिलेला अहवाल लागतो. तो लिहिता यायलाच हवा.

मंडळाची पाच वर्षांची रीत मात्र आपण उचलू शकतो. दरवर्षी दिवाळीनंतर दोन दिवस काढा आणि स्वतःची तीन जुनी कामं उघडा. पाचही प्रश्न त्यांना विचारा. जिथे कच्चं वाटेल तिथे ग्राहकाला कळवा, दुरुस्त करून द्या, पैसे मागू नका.

एकट्याने हे जमत नसेल तर तिघा-चौघांचा गट करा. महिन्यातून एकदा एकच पान सगळ्यांनी एकमेकांना न विचारता वाचायचं आणि मग ताडून बघायचं. कुणाचं वाचन कुठे फिरलं, हे तासाभरात कळतं. यात लाज वाटून घेऊ नका. ही माणसं तुमची स्पर्धक आहेत खरी, पण तुम्ही तालुके वाटून घेतले असतील तर एकमेकांकडे कामही पाठवाल.

कायद्याचं शिक्षण, आणि "तेवढं एक नाव जोडा" म्हणणारा ग्राहक

जातप्रमाणपत्राच्या कामात तारखा तोंडपाठ हव्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वीच्या नोंदींना आणि वास्तव्याच्या पुराव्याला महत्त्व असतं. या कामाचा आधार असलेला राज्याचा कायदा २००० सालचा आहे. खोट्या माहितीवर प्रमाणपत्र मिळवलं तर ते रद्द होतं, मिळालेले लाभ जातात, तुरुंगवासाची आणि दंडाची तरतूद आहे. शपथपत्रावर सही ग्राहकाची असते, पण वंशावळ तुम्ही काढलेली असते. नियम, शासन निर्णय बदलत राहतात. म्हणून महिन्यातून एक दुपार फक्त नवे शासन निर्णय वाचायला ठेवा, आणि एखाद्या वकिलाशी ठरावीक फी देऊन बोलत राहा. तुम्ही वकील नाही, हे ग्राहकालाही सांगा.

आता खरी परीक्षा. ग्राहक समोर बसलेला, पोरीच्या प्रवेशाला दहा दिवस उरलेले. म्हणतो, "साहेब, एकच नाव मधे बसत नाही. तेवढं जोडा ना, कोण बघतंय?" त्याची तगमग खरी असते. त्याला झिडकारू नका. पण जोडूही नका. त्याला तीन गोष्टी द्या: काय सापडलं, काय सापडलं नाही, आणि अजून कुठे शोधता येईल. शेजारच्या गावची शाळा, आत्याच्या सासरचा कागद, भाऊबंदांचा फेरफार. कधी कधी यातूनच दुवा मिळतो. नाही मिळाला तर तसं लेखी द्यायचं.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की "नोंद मिळाली तर पैसे" या अटीवर काम घेऊ नका. ग्राहकाला ही अट फार आवडते, पण त्याच क्षणी नोंद "मिळवण्याचा" मोह तुमच्या खिशाला बांधला जातो. शोधाची फी वेगळी लावा, वाचनाची वेगळी, अहवालाची वेगळी. आधी छोटा प्राथमिक शोध आणि त्यावर एक पानी टिपण द्या. पुढे जायचं की थांबायचं, ते ग्राहक ठरवेल. "अमुक वर्षं ते अमुक वर्षं, या वह्या पाहिल्या, नोंद नाही" हा अहवालसुद्धा तुमच्या मेहनतीचं फळ आहे. दुसऱ्याने तेच दफ्तर पुन्हा उपसायचं वाचतं.

जिवंत माणसांची माहिती जपून ठेवा. वंशावळीत दत्तक, दुसरं लग्न, तुटलेली नाती सगळं येतं. डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे. तेव्हा संमतीचा एक साधा फॉर्म करून घ्या आणि घराण्याच्या ग्रुपवर कुणाची जन्मतारीख टाकण्याआधी विचारा. कुलवृत्तांताचं काम घेत असाल तर अजून एक. जुन्या कुलवृत्तांतांत मुलींच्या फांद्या बऱ्याचदा लग्नापाशीच थांबतात. आजची कुटुंबं त्या पुढे न्यायला सांगतात. माहेरची नावं शोधायचं कौशल्य वेगळं आहे. लग्नपत्रिका, हक्कसोड पत्रं, शाळेचे दाखले असं सगळं चाळावं लागतं. हे कौशल्य ज्याच्याकडे आहे त्याला काम कमी पडणार नाही.

पैसा आणि दिवस

शिक्षणाला वेगळा गल्ला करा. समजा, महिन्याला सरासरी ३०,००० रुपये येतात. त्यातले ५ टक्के, म्हणजे १,५०० बाजूला काढा. वर्षाचे १८,००० झाले. त्यात एखादा पुढच्या पातळीचा वर्ग, पुण्याला किंवा मुंबईच्या पुराभिलेखागाराला दोन फेऱ्या आणि थोडी पुस्तकं बसतात. पैसे आलेत म्हणून कोर्स करू नका. आधी गेल्या सहा महिन्यांत कोणतं काम तुम्हाला परत पाठवावं लागलं ते बघा. उर्दूमुळे गेलं? अहवाल इंग्रजीत हवा होता म्हणून गेलं? तोच पुढचा विषय.

दिवसांचंही तसंच. महिन्याला दोन, वर्षाला चोवीस दिवस शिकण्यासाठी. कॅलेंडरवर आधीच खूण करा आणि घरी सांगून ठेवा. प्रवेशाच्या हंगामात हे जमणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. तेव्हाचे दिवस पावसाळ्यानंतर भरून काढा. आणि दर वर्षाला एक गोष्ट दुसऱ्यांना शिकवा. गावच्या वाचनालयात "घरातले जुने कागद कसे जपावेत" यावर तासभर बोला. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, सेलोटेप लावू नका, आधी फोटो काढा, एवढं सांगितलं तरी लोक घरून पेट्या घेऊन येतात. त्या पेट्यांत तुमचं पुढचं काम असतं.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या घराण्याची वंशावळ घ्या. प्रत्येक पिढीच्या जोडणीसमोर कोणता कागद आहे ते लिहा. जिथे "घरात सांगतात" एवढाच आधार आहे तिथे लाल पेनने खूण करा. त्यातली सगळ्यात अलीकडची लाल खूण निवडा आणि ती सोडवायला कोणती वही, कोणतं वर्ष, कोणत्या कार्यालयात मागायचं, तो अर्ज प्रत्यक्ष लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत याच सेवेचं दरपत्रक कसं बनवायचं ते बघू. येताना तो अर्ज आणि तुमचे सध्याचे दर, दोन्ही जवळ ठेवा.